मावशीचे 437 नंबर

माझी मावशी वाईला एकटी राहते. वय 74. घरगुती फराळाचा तिचा व्यवसाय तीसेक वर्षांचा. दिवाळीला चिवडा, चकली, अनारसे, उन्हाळ्यात कुरडया आणि सांडगे. दुकान नाही, पाटी नाही. गिऱ्हाईक फोन करतं किंवा मावशी गिऱ्हाइकाला फोन करते. त्यामुळे तिच्या साध्या कीपॅडच्या फोनातली नावं म्हणजेच तिची खातेवही.

ऑगस्ट 2024 मध्ये त्या फोनचं पाचचं बटण बसलं. पाचाखाली बाराखडीतली कुठली अक्षरं येतात, तेवढी वगळून ती महिनाभर नावं लिहीत होती, असं नंतर कळलं. मस्कतच्या मुलीने पैसे पाठवले आणि शुक्रवारी, 30 ऑगस्टला, मावशीने स्मार्टफोन घेतला. जुनं सिम मोठ्या आकाराचं होतं, नव्या फोनला नॅनो लागतं. दुकानातल्या पोराने तिला कंपनीच्या गॅलरीत पाठवलं. तिथे आधार दाखवून, अंगठा देऊन, त्याच नंबरचं नवं सिम मिळालं. ते फोनमध्ये घातलं, फोन सुरू झाला आणि नावांच्या यादीत एकही नाव नव्हतं.

दुकानातला पोरगा म्हणाला, "आजी, नंबर तोच आहे तुमचा, काळजी करू नका." मावशी म्हणाली, "माझा तोच आहे रे. लोकांचे कुठे गेले?"

रात्री मला पुण्याला फोन आला. तोही शेजारच्यांच्या फोनवरून, कारण माझा नंबर तिला पाठ नव्हता. शेजारच्या वहिनींकडे माझा नंबर निघाला म्हणून बरं.

नंबर नक्की कुठे होते

शनिवारी सकाळी दहाला पोचलो. पहिला प्रश्न विचारला तो जुन्या सिमचा. नव्वद टक्के वेळा ते दुकानातल्या कचऱ्याच्या डब्यात जातं. मावशीने ते मागून घेतलं होतं आणि हळदी-कुंकवाच्या करंड्यात ठेवलं होतं. नवं सिम ज्या प्लास्टिकच्या कार्डातून मोडून काढलं, ते चौकटीचं कार्डही होतं. काहीही न टाकणाऱ्या बायकांवर आम्ही भाचे मंडळी हसतो. त्या दिवशी हसलो नाही.

जुनं सिम बंद पडलं म्हणजे त्याला नेटवर्क मिळत नाही, एवढंच. त्याच्या चिपवर लिहिलेली नावं जागच्या जागी असतात आणि कुठल्याही फोनात घातलं तर वाचता येतात. मी ते जुन्या फोनात घातलं, वर "सिम नोंदणीकृत नाही" अशा अर्थाचा निरोप आला, तो दुर्लक्षून नावांच्या यादीत गेलो. सगळी होती. मेमरीची स्थिती पाहिली: सिमवर 250 पैकी 250, फोनमध्ये 500 पैकी 187. एकूण 437.

मावशीला हे माहीतच नव्हतं की तिच्या यादीत दोन घरं आहेत. आणि माहीत असायचं कारण काय? फोन सगळी नावं एकाच ओळीत दाखवतो. शेजारी कुठे सिमचं, कुठे फोनचं बोटाच्या नखाएवढं चित्र असतं, ते 74 वर्षांच्या डोळ्यांना दिसत नाही. सिम भरेपर्यंत नावं सिमवर जात राहिली, भरल्यावर फोनमध्ये जायला लागली. ही वाटणी कधी झाली ते तिला फोनने कळवलं नाही. या प्रकरणातली बहुतेक सगळी भानगड इथून निघते. फोन नंबर दाखवतो, पण तो राहतो कुठे ते सांगत नाही.

नवं सिम घेताना जुन्या सिमवरची नावं का येत नाहीत, तेही मावशीला समजावून सांगावं लागलं. कंपनीकडे तिचा नंबर असतो, तिने साठवलेले लोकांचे नंबर नसतात. ते फक्त त्या चिपवर. नवी चिप कोरी.

घागरीने पाणी

जुन्या फोनला ब्लूटूथ नव्हतं, केबलने संगणकाला जोडायची सोय नव्हती. जुनं सिम नव्या फोनच्या खाचेत मावत नव्हतं. सिम कापून नॅनो करता येतं, दुकानांत करतातही, पण ज्या चिपवर 250 गिऱ्हाइकं बसली आहेत तिला कात्री लावायची माझी हिंमत झाली नाही.

उलटा रस्ता मात्र मोकळा होता. मोठं सिम कापल्याशिवाय लहान होत नाही, पण लहान सिम चौकटीत बसवलं की मोठं होतं. नॅनो सिम परत त्याच्या प्लास्टिकच्या चौकटीत ठेवलं, मागून चिकटपट्टीचा पातळ तुकडा लावला आणि जुन्या फोनात सरकवलं. पट्टी न लावता असं करू नका. चिप चौकटीतून निसटून आतल्या पितळी पिनांत अडकते, आणि मग फोन उघडावा लागतो.

आता बेत असा: जुन्या फोनच्या मेमरीतली 187 नावं कोऱ्या नॅनो सिमवर कॉपी करायची, सिम नव्या फोनात घालायचं, तिथून ती आत ओढून घ्यायची. मग सिम रिकामं करायचं आणि जुन्या सिमवरची 250 नावं तशीच, जुन्या फोनच्या मेमरीतून, दुसऱ्या खेपेत आणायची. विहिरीवरून घागरीने पाणी आणतात तसं. कॉपी करताना फोन विचारतो, मूळ ठेवायचं की काढून टाकायचं. प्रत्येक वेळी "मूळ ठेवा". घाईत इथेच लोक हात पोळून घेतात.

पण आणलेली नावं ओतायची कुठे? नव्या फोनमध्ये एक गूगल खातं आधीच होतं. दुकानातल्या पोराने उघडून दिलेलं. पासवर्ड मावशीला माहीत नाही. "त्याने काहीतरी टाकलं भराभर." अधिक चौकशी केल्यावर कळलं की ओटीपीही त्याने स्वतःच्या मोबाईलवर घेतला होता. त्यात त्याची लबाडी नव्हती. सिम बदललं की पुढचे चोवीस तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. कोणी दुसऱ्याच्या नावावर सिम काढून बँकेचे ओटीपी पळवू नयेत म्हणून ही अडवणूक आहे. मावशीच्या नंबरवर ओटीपी येणारच नव्हता, पोराने आपला दिला आणि गिऱ्हाईक मोकळं केलं. पण परिणाम असा की उद्या फोन हरवला तर मावशीची सगळी नावं ज्या खात्यात, त्याची किल्ली एका अनोळखी पोराच्या मोबाईलवर.

ते खातं फोनमधून काढून टाकलं. नवं उघडायला दुपारी दीडपर्यंत थांबावं लागलं, कारण चोवीस तास तेव्हा पुरे होणार होते. मधल्या वेळात वरण-भात, वांग्याची भाजी. पावणेदोनला ओटीपी आला. पासवर्ड मावशीने स्वतः ठरवला, खातं परत मिळवण्यासाठी मुलीचा मस्कतचा नंबर आणि माझा ईमेल दिला, आणि हे सगळं एका कागदावर लिहून बँकेच्या पासबुकात ठेवलं. संगणक शिकवणारे लोक पासवर्ड कागदावर लिहू नका म्हणतात. एकट्या राहणाऱ्या 74 वर्षांच्या बाईला मी तो सल्ला देणार नाही.

नऊ कुलकर्

पहिली खेप आली. नव्या फोनात 187 नावं दिसली, मी खूश झालो आणि यादी खाली सरकवली. "कुलकर्". त्याखाली परत "कुलकर्". असे नऊ. मग "देशपां" सहा.

कारण सिमच्या रचनेत आहे. सिमवरची जागा मिसळणाच्या डब्यासारखी असते. वाट्या किती आणि केवढ्या, ते डबा घडवतानाच ठरलेलं. मावशीच्या सिमवर 250 वाट्या होत्या आणि प्रत्येक वाटीत नावाला 14 बाईट. इंग्रजी अक्षराला एक बाईट पुरतो, म्हणजे इंग्रजीत 14 अक्षरांचं नाव बसतं. देवनागरीत एकेका अक्षराला दोन बाईट लागतात आणि सुरुवातीचा एक बाईट "पुढे वेगळी लिपी आहे" एवढं सांगण्यात जातो. उरलेल्या 13 मध्ये सहा अक्षरं. तीसुद्धा आपण मोजतो तशी नाहीत. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाला वेगळी जागा. क, उकार, ल, क, र, हलन्त: झाली सहा. "कुलकर्णी वहिनी मेणवली", "कुलकर्णी बँक", "कुलकर्णी चकली नको" या सगळ्या बायाबापड्या "कुलकर्" होऊन एका रांगेत उभ्या राहिल्या.

(देवनागरी कमी जागेत बसवायची एक रीत सिमच्या ठरलेल्या नियमांत आहे. लिपी कुठली ते एकदाच सांगायचं आणि पुढे अक्षराला एकच बाईट वापरायचा. तसं केलं तर 14 बाईटमध्ये 11 अक्षरं मावतात. मावशीच्या फोनने ते कष्ट घेतले नव्हते.)

इथे मी चूक केली. ॲपने वर पट्टी दाखवली, सारखी नावं आढळली आहेत, एकत्र करायची का? मी "सर्व एकत्र करा" दाबलं. सवयीने. 187 ची यादी 141 वर आली आणि "कुलकर्" नावाच्या एकाच बाईला नऊ फोन नंबर झाले. त्यांतली मेणवलीची कोण आणि बँकेतली कोण, देव जाणे.

सुदैवाने गूगलच्या कॉन्टॅक्ट्समध्ये मागे फिरता येतं. लॅपटॉपवर ते पान उघडून "बदल पूर्ववत करा" निवडलं की दहा मिनिटांपूर्वीची, तासापूर्वीची, कालची, अशी 30 दिवसांपर्यंतची कुठलीही स्थिती परत आणता येते. मी दहा मिनिटं मागे गेलो. 187 परत आली. फक्त लक्षात ठेवायचं की हे सगळ्या यादीला लागू होतं. त्या दहा मिनिटांत एखादं चांगलं काम केलेलं असेल तर तेही पुसलं जातं.

नंबर मात्र सगळे पूर्ण होते, कापली गेली होती ती नावंच. म्हणून नंबर परत टाइप करायची गरज नव्हती. जुना फोन मावशीच्या हातात, नवा माझ्या. तिने पूर्ण नाव आणि शेवटचे चार आकडे वाचायचे, मी चार आकड्यांनी शोधून नाव पुरं करायचं. 129 नावं दुरुस्त करावी लागली. दोन ठिकाणी शेवटचे चार आकडे दोघांचे सारखे निघाले. मावशीला ते अशुभ वाटलं, पण 187 जणांच्या जोड्या होतात 17,391 आणि चार आकड्यांच्या शक्यता 10,000. एक-दोन जोड्या निघायलाच हव्यात. तिथे सहा आकडे वाचले.

काम संपायला रात्रीचे साडेनऊ वाजले. ते संपेपर्यंत दुसरी खेप काढता येत नव्हती, कारण जुन्या सिमवरची 250 नावं जुन्या फोनमधूनच न्यायची होती, आणि हा फोन "सगळी कॉपी करा" म्हटलं की मेमरीतलं सगळंच सिमवर ओतू पाहतो. 187 तिथेच राहिली असती तर 250 ची घागर अर्ध्यात भरली असती. आणि पूर्ण नावं दुसरीकडे उतरायच्या आत ती पुसली असती तर "कुलकर्" कायमचे. रविवारी सकाळी, नवी यादी डोळ्यांखालून घालून, मग जुन्या फोनची मेमरी रिकामी केली. दुसरी खेप वीस मिनिटांत झाली. तिच्यात एकही नाव कापलं गेलं नाही. सिमवर लिहिताना फोन सहाच अक्षरं घेतो हे मावशीला वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक झालं होतं आणि तिने सहा अक्षरांची स्वतःची लघुलिपी बनवली होती. "डॉ भोर". "भोर कु". "अ लाईट".

अ दूध

त्या "अ"चं काय, असं मी विचारलं नाही. मला वाटलं बटण चुकून दाबलं गेलं असेल. रविवारी दुपारी ती वामकुक्षी घेत असताना मी यादी "नीट" करून ठेवली. "अ दूध" चं दूधवाले, "अ गॅस" चं गॅस एजन्सी, "अ लाईट" चं वायरमन. "भोर कु" चं कुलकर्णी, भोर. "चकली नको" वगैरे शेरे काढून टाकले, ते टिपणाच्या रकान्यात हलवले. मला फार बरं वाटलं.

चारला ती उठली, चहा ठेवला आणि दूध कमी आहे म्हणून दूधवाल्याला लावायला फोन हातात घेतला. दोन मिनिटं खाली-वर करत राहिली. मग फोन माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "अरे, हा माझा फोन नाहीच."

"अ" मुद्दाम लावला होता. रोज लागणारी माणसं यादीच्या डोक्यावर यावीत म्हणून. यादी उघडली की समोर दूध, गॅस, लाईट, पेपर, मग डॉक्टर. एका बटणात. गावाचं नाव आधी, कारण फराळ पोचवायला जायचं तर भोरचे सगळे एका खाली एक हवेत, टेम्पोवाल्याला सांगायला सोपं. "चकली नको" नावातच, कारण फोन वाजतो तेव्हा पडद्यावर नाव दिसतं, टिपणाचा रकाना दिसत नाही. त्या बाईंना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. उचलतानाच ते समोर आलं की मावशी चकलीचं विचारत नाही आणि बाईंना ओशाळं होत नाही. नावातला "उ" म्हणजे उधारी. हे सगळं तिने सहा अक्षरांत आणि अडकणाऱ्या पाचच्या बटणासकट उभं केलं होतं.

पुन्हा "पूर्ववत करा". या वेळी तीन तास मागे.

पुढची आवराआवर तिला शेजारी बसवून केली. दोन्ही घरांत असलेले तेच नंबर 38 निघाले, ते एक केले, 437 चे 399 झाले. पण "जोशी घर" आणि "जोशी मो" एका नावाखाली आणायला तिने नकार दिला. नाव दाबल्यावर "कुठला नंबर?" असं फोनने विचारलेलं तिला आवडत नाही. मान्य. लँडलाईन बरेच होते, आणि त्यांतले कित्येक जुन्या डायरीतून जसेच्या तसे उतरवलेले. काही 9520 ने सुरू होणारे, बारा आकडी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात लँडलाईनवरून फोन लावताना एसटीडी कोडच्या शून्याऐवजी 95 लावायचे दिवस होते, तेव्हाचे पुण्याचे नंबर. ती पद्धत बंद होऊन जमाना झाला. 95 काढून शून्य लावलं, एकेक लावून पाहिला, बहुतेक मुके. असे 44 मेलेले लँडलाईन तिच्या संमतीने काढले. 399 चे 355 राहिले.

त्यांत 14 नावांच्या आधी "कै." होतं. ही काढूया का, म्हटलं. "राहू दे. मोऱ्यांच्या घरी त्याच नंबरवर सून उचलते." बरोबरच होतं. बहुतेक नंबर घरात कोणी ना कोणी चालू ठेवलेले. दोन ठिकाणी मात्र व्हॉट्सॲपवर अनोळखी चेहरे आले, एक बुलेटवर बसलेला विशीतला मुलगा. बंद झालेला मोबाईल नंबर कंपन्या किमान 90 दिवस थांबून दुसऱ्याला देतात. "कै. शिंदे" ला दिवाळीचे भाव पाठवले असते तर ते या मुलाला मिळाले असते. ते दोन तिने स्वतः पुसले.

शेवटी सगळ्या मोबाईल नंबरांच्या आधी +91 लावलं. मागच्या वर्षी ती दोन महिने मस्कतला होती, तेव्हा तिथून गॅसवाल्याला फोन लागेना, कारण ओमानच्या नेटवर्कला नुसते दहा आकडे भारतातले आहेत हे कळायला मार्ग नाही. यादीची एक फाईल काढून माझ्या मेलवर ठेवली. ती फाईल कुतूहलाने उघडली तर "आई" हे नाव "=E0=A4=86=E0=A4=88" असं लिहिलेलं. घाबरायचं नाही, फोनमध्ये परत घातली की आई परत येते. आणि मावशीच्या आग्रहाने छापील यादी, मोठ्या टाइपात, फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेली.

दिवाळीनंतर

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टने, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना, भाव पाठवायची कल्पना माझी होती, ती अर्धीच चालली. एका यादीत 256 जणच बसतात म्हणून दोन याद्या केल्या. पण ज्याने मावशीचा नंबर स्वतःच्या फोनात साठवलेला नाही त्याला तो निरोप पोचतच नाही. जुनी गिऱ्हाइकं मावशीचा नंबर पाठ असलेली, त्यांनी साठवला कशाला असेल? त्यांना तिने नेहमीसारखे फोनच केले, फडताळापुढे उभं राहून.

लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला झालं. त्यानंतरच्या आठवड्यात मी फोन तपासला. नवी 23 नावं. साठवायची जागा मी गूगल खातं अशी नेमून दिली होती, आणि 20 नावं तिथेच होती. तीन सिमवर होती: मस्कतची मुलगी, "डॉ भोर" आणि मी. तिघंही खात्यात आधीच होतो, म्हणजे ही दुसरी प्रत. मी चुकून पडली असतील म्हणून काढायला लागलो, तर तिने हात धरला.

"मुद्दाम ठेवलीत. हा फोन पडला-फुटला, तर सिम काढून शेजारच्या वहिनींच्या फोनात घालायचं. तेवढी तीन लागली की झालं."

शेजारच्या वहिनींच्या फोनला नॅनो सिमच लागतं. ते तिने आधी विचारून घेतलं होतं.